बदलते हवामान, कापसाचा धागा आणि वस्त्रोद्योगाची साखळी

2022 साली कापसाच्या जागतिक बाजारावर दोन परस्परविरुद्ध आपत्ती एकाच हंगामात कोसळल्या. अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुष्काळामुळे पेरलेल्या कापूसक्षेत्रापैकी सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वेचणीविना सोडून द्यावे लागले. पाकिस्तानात महापुराने सिंधमधील उभे पीक नेले. त्यापूर्वीच, मे महिन्यात, भारतात रुईचा भाव खंडीला म्हणजे 356 किलोंना एक लाख रुपयांवर गेला होता. बांगलादेशाचा वस्त्रोद्योग जवळजवळ सर्वस्वी आयात रुईवर चालतो. असा ग्राहक एका देशावर विसंबून राहू शकत नाही. तो खरेदी अनेक देशांत विभागतो किंवा पॉलिस्टरकडे वळतो.

गाठींची मोजदाद मात्र अर्धीच हकीकत सांगते. गिरणीत पोहोचणाऱ्या रुईची प्रत पुष्कळदा कीटक ठरवतात, आणि कीटकांना हवामान.

पांढरी माशी व मावा पानांतील रस शोषून जादा शर्करा चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. बोंडे फुटल्यानंतर हा स्राव थेट धाग्यावर बसतो. मध्यंतरी पाऊस झाला तर तो बराचसा धुऊन जातो. पण या काळात उष्ण, कोरडा खंड लांबला, तर धुणारे पाणी नसते आणि माशीच्या पिढ्याही लवकर पूर्ण होतात. तिच्या स्रावातील ट्रेहॅल्युलोज ही शर्करा विशेष त्रासदायक आहे. ती हवेतील ओलावा ओढून घेते व थोड्याशा उष्णतेने मऊ होते. सूतगिरणीतील हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते आणि रूळ चालून तापतात. परिणामी तंतू रुळांना गुंडाळतात, सूत तुटते, यंत्र थांबवावे लागते. ही रुई डोळ्यांना स्वच्छ दिसते, हीच खरी अडचण. सुदानच्या लांब धाग्याच्या कापसाला चिकटपणाच्या दुर्लौकिकापायी दीर्घकाळ कमी भाव स्वीकारावा लागला. त्यात स्वच्छ कापूस पिकविणारेही भरडले गेले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबणारा पाऊस वेगळे संकट आणतो. झाड पुन्हा पाते धरते, फरदडीचा मोह होतो आणि गुलाबी बोंडअळीला आणखी एक पिढी मिळते. अळीने बीटी कापसाविरुद्ध मिळवलेली प्रतिकारक्षमता हवामानाच्या माथी मारता येणार नाही. लांबलेला हंगाम तिला साथ देतो, एवढेच. परंतु सरकी पोखरली की धागा डागाळतो, कमकुवत होतो, आणि कवडीचे प्रमाण वाढते.

बोंडे फुटू लागली की उत्पादन ठरले, असे मानून अनेक ठिकाणी कीडनिरीक्षण थांबते. विस्तार कार्यकर्त्यांनी ते नेमके त्याच वेळी चालू ठेवावे, कारण धाग्याची हानी तेव्हा सुरू होते. नत्राची जादा मात्रा व सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या वारंवार फवारण्या पांढऱ्या माशीला पोषक ठरतात, त्या टाळाव्यात. फुटलेला कापूस शेतात न ठेवता वेळच्या वेळी वेचावा. फरदड न घेता डिसेंबरअखेर पीक संपवावे, आणि कवडी व शेवटच्या वेचणीचा कापूस पहिल्या वेचणीच्या ढिगात न मिसळता वेगळा साठवावा.