तांदूळ घरचा, किंमत उसनी

इंडोनेशियात फिरून आलेला मराठी माणूस हमखास सांगतो, 'तिकडची भाषा संस्कृतातूनच निघालीय.' भाषेला ते 'बहासा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरु', माणसाला 'मानुसिया'. ऐकून होणारा आनंद खरा. निष्कर्ष मात्र चुकीचा. बाजार, दरवाजा, कागद, जमीन हे शब्द फारसीतून आले म्हणून मराठी काही फारसीची लेक ठरत नाही.

इंडोनेशियन आणि फिलिपिन्समधली तागालोग या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा. कुळाचं मूळ तैवानात मानतात. तिथून होड्यांनी निघालेले लोक सुमारे चार हजार वर्षांपूर्वी फिलिपिन्सला पोचले. पुढे हे कुळ मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरलं. डोळा दोन्हीकडे 'माता', पाच म्हणजे 'लिमा', आभाळ म्हणजे 'लांगित'. पण नात्याचा पक्का पुरावा मिळतो तो शब्द नेमाने वेगळे होतात तिथे. तांदूळ इंडोनेशियनमध्ये 'बरास', तागालोगमध्ये 'बिगास'. शीर इथे 'उरात', तिथे 'उगात'. शंभराला इंडोनेशियन 'रातुस' म्हणते, तर फिलिपिन्सचीच सेबुआनो 'गातुस'. एकाच जुन्या ध्वनीचा एकीकडे 'र' झाला, दुसरीकडे 'ग'. एकोणिसाव्या शतकातच डच अभ्यासक फान देर त्यूक यांनी हा नियम मांडला होता.

आता संस्कृतातला 'अर्घ' घ्या, म्हणजे मोल. मलयमध्ये (आजची इंडोनेशियन हे तिचंच रूप) त्याचा 'हर्गा' झाला, तागालोगमध्ये 'हलगा'. वारशाने आलेला शब्द असता तर 'र'चा 'ग' व्हायला हवा होता, झाला 'ल'. म्हणजे भाषा वेगळ्या झाल्यावर तो बाहेरून आला. आणि सुरुवातीचा 'ह'? संस्कृतात तो नाहीच. मलयमध्ये तो चिकटला आणि तसाच मनिलाकडे गेला. शब्द कोणत्या वाटेने आला, हे त्या एका 'ह'ने सांगितलं. मला भाषाशास्त्राचं सगळ्यात मोठं सौंदर्य इथे दिसतं.

वाटेत अर्थही बदलले. 'चिंता' इंडोनेशियनमध्ये प्रेम झाली आणि तागालोगमध्ये 'सिंता', म्हणजे प्रिय व्यक्ती. जीव जडला की काळजी लागतेच, त्यामुळे हे आपल्याला परकं वाटू नये. 'चरित' इंडोनेशियात 'चरिता', म्हणजे गोष्ट. तागालोगमध्ये 'सलिता', म्हणजे शब्द, बोलणं. 'दुःख'वरून आलेला तागालोग 'दुखा' म्हणजे गरीब. 'उपवास'चा 'पुआसा' झाला. रमजानचा रोजाही तोच.

हा व्यवहार किती जुना? मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ साली एक ताम्रपट सापडला. त्यावर शके ८२२, वैशाख महिना असा काळ कोरला आहे, म्हणजे इसवी सन ९००. मजकूर एका सोन्याच्या कर्जातून मुक्त केल्याचा. भाषा संस्कृत शब्दांनी भरलेली जुनी मलय. फिलिपिन्समधला हा सर्वांत जुना कालनिर्देश असलेला लेख मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिकडे गेलात तर तो आवर्जून पाहा.