२४० फ्रेम, १४४० आकडे

दहा सेकंदांचा एक शॉट घ्या. सेकंदाला २४ याप्रमाणे त्यात २४० फ्रेम येतात. फोर-के, म्हणजे ४०९६ बाय २१६० पिक्सेलची एक फ्रेम १६ बिटांच्या ईएक्सआर फाइलमध्ये कुठलीही दाबादाबी न करता साठवली, तर ती सुमारे ५३ एमबी भरते. पूर्ण शॉट पावणेतेरा जीबीच्या आसपास जातो. आता याच शॉटमध्ये कॅमेरा कसा फिरला हे मांडायचे झाले, तर दर फ्रेमला सहा आकडे पुरतात. कॅमेरा कुठे होता याचे तीन आणि तो कुठे वळला होता याचे तीन. एकूण १४४० आकडे. ते एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये मावतात.

दृश्य परिणामांच्या सिनेमात पावणेतेरा जीबीचे चित्र आणि हे १४४० आकडे पिक्सेलच्या अचूकतेने जुळावे लागतात. जुळले, की रिकाम्या रस्त्यावर संगणकाने उभा केलेला डायनोसॉर तिथलाच वाटतो. नाही जुळले, तर त्याचे पाय जमिनीवरून घसरतात. प्रेक्षकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण खोटेपणा त्याला जाणवतो.

ही जुळणी करणारे काम म्हणजे मॅचमूव्ह. त्यासाठीच्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरबद्दल लिहिले जाते तेव्हा त्यातल्या गणिताचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण स्टुडिओत या कामाचा कस लागतो तो शेवटच्या पायरीवर, एक्स्पोर्टमध्ये. तिथे एका माणसाने काढलेले उत्तर दुसऱ्या माणसाच्या, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या, अनेकदा दुसऱ्या देशातल्या संगणकावर जसेच्या तसे पोचवायचे असते.

आधी थोडे गणित

धावत्या एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळचे विजेचे खांब झपकन मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. ट्रॅकिंग सॉफ्टवेअर याच फरकावर जगते. चित्रातले शेकडो ठळक ठिपके ते फ्रेममागून फ्रेम पकडत जाते. भिंतीचा कोपरा, दगडावरचा डाग, फरशीची सांध, काहीही चालते. कोणता ठिपका किती सरकला यावरून ते कॅमेऱ्याची जागा आणि त्या ठिपक्यांचे अवकाशातले स्थान एकाच वेळी सोडवते. या उकलीला ‘सॉल्व्ह’ म्हणतात. ठिपका पकडण्याच्या पद्धतीचा पाया ब्रूस लुकास आणि ताकेओ कनादे यांनी १९८१ साली घातला. रोबोंना दृष्टी देण्यासाठी झालेले हे संशोधन पुढे सिनेमाच्या कामी आले.

नव्वदच्या दशकात मोठ्या स्टुडिओंकडे स्वतःची ट्रॅकिंगची साधने होती. मग ती बाजारात मिळू लागली. जर्मनीतल्या ‘थ्रीडी-ईक्वलायझर’च्या निर्मात्यांना, उवे झासेनबेर्ग आणि रोल्फ श्नायडर यांना, २००२ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ठिपक्यांऐवजी सपाट पृष्ठभाग पकडणाऱ्या ‘मोका’च्या निर्मात्यांना तो २०१३ साली मिळाला. २००३ साली रस अँडरसन यांनी ‘सिंथआइज’ आणले. त्याआधी त्यांनी टेबल टेनिस खेळणारा रोबो बनवला होता. हवेतला चेंडू कॅमेऱ्यांनी पाहून क्षणात त्याचा मार्ग ओळखणारा माणूस पुढे चित्रातले ठिपके ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळला, याचे मला फार अप्रूप वाटते.

बाहेर काय काय जाते

सॉल्व्ह झाल्यावर बाहेर जाणारे सामान तीन प्रकारचे असते. पहिला कॅमेरा: त्याचे सहा आकडे, लेन्सची फोकल लेन्थ आणि सेन्सरचे माप. दुसरे बिंदू आणि आकार: सोडवलेले ठिपके, जमिनीचे प्रतल, एखादी साधी भिंत. मोकासारख्या साधनातून यांच्या जागी एखाद्या पाटीच्या किंवा पडद्याच्या चार कोपऱ्यांची दर फ्रेममधली जागा जाते, किंवा वस्तूच्या कडेने कापलेली काळी-पांढरी मॅट जाते. तिसरे म्हणजे प्रत्यक्ष चित्रे. बहुतेक घोटाळे या तिसऱ्या प्रकारात होतात आणि नवख्यांना सगळ्यात कमी शिकवला जातो तोही हाच.

ट्रॅकिंग सॉफ्टवेअरने चित्रे बाहेर काढायचीच कशाला? कारण खरी लेन्स सरळ रेषा सरळ ठेवत नाही. वाइड लेन्सने टिपलेल्या इमारतीच्या कडा बाहेर फुगतात. थ्रीडी सॉफ्टवेअरमधला कॅमेरा मात्र आदर्श असतो, त्याच्या रेषा सरळच राहतात. म्हणून ट्रॅकिंग करणारा आधी लेन्सचा वाक मोजतो. त्यासाठी शूटिंगच्या वेळी त्याच लेन्सने टिपलेला चौकटींचा तक्ता सर्वांत उपयोगी पडतो. मग वाक काढून सरळ केलेली चित्रमालिका, म्हणजे ‘अनडिस्टॉर्ट प्लेट’, बाहेर दिली जाते. पुढचे कलाकार तिच्यावर आपले थ्रीडी बसवून पाहतात.

वाक काढताना चित्राचे कोपरे बाहेर ताणले जातात. प्लेटचा आकार तोच ठेवला, तर हे कोपरे कापले जातात. म्हणून प्लेट मोठी करून द्यायची असते, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ४०९६ रुंदीची प्लेट समजा ४६०८ ची केली, तर ती साडेबारा टक्के वाढली. मग कॅमेऱ्याच्या फाइलमधले सेन्सरचे मापही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. ते २४ मिलिमीटर असेल तर २७ करायचे आणि फोकल लेन्थला हात लावायचा नाही. चित्र वाढवले आणि सेन्सर तसाच ठेवला, तर सॉल्व्ह कितीही उत्तम असो, पुढच्या माणसाला ते चुकलेलेच दिसते. माझ्या मते या क्षेत्रातल्या निम्म्या भांडणांचे मूळ याच एका आकड्यात असते.

दुसरी गोष्ट. वाक काढलेल्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल आसपासच्या पिक्सेलांच्या मिश्रणातून बनतो, त्यामुळे चित्र किंचित मऊ पडते. म्हणून या प्लेटचा वापर मोजमाप आणि मांडणीपुरता करायचा, अंतिम चित्र तिच्यातून काढायचे नाही, असा नियम आहे. मूळ प्लेटला धक्का लावायचा नाही. उलट थ्रीडीमध्ये रंगवलेल्या डायनोसॉरलाच लेन्सचा वाक द्यायचा आणि तो मूळ चित्रावर ठेवायचा.

हा वाक पोचवण्यासाठी ट्रॅकिंग सॉफ्टवेअर आणखी एक चित्र देते, एसटी मॅप. तो दिसायला लाल-हिरव्या छटांचा पट्टा असतो, पण त्याचे रंग म्हणजे पत्ते असतात. या जागेचा पिक्सेल मूळ चित्रात कुठून उचलायचा, हे लाल वाहिनी आडव्या दिशेने सांगते आणि हिरवी उभ्या दिशेने. इथे फाइलचा प्रकार चुकला की सगळे संपते. ८ बिटांच्या फाइलमध्ये फक्त २५६ पायऱ्या असतात. ४०९६ पिक्सेलांवर त्या पसरल्या, की एकेक पायरी १६ पिक्सेलांची होते. १६ बिटांचा हाफ-फ्लोटसुद्धा पुरत नाही, कारण चित्राच्या उजव्या अर्ध्या भागात त्याची एक पायरी दोन पिक्सेलांएवढी असते. म्हणून एसटी मॅप ३२ बिटांतच द्यायचा. त्यावर रंगांचे कोणतेही रूपांतर चालवायचे नाही, कारण पत्त्यांचा रंग बदलला की पत्ता बदलला.

रंग, क्रमांक, दिशा

रंगाची शिस्त प्लेटलाही लागू आहे. ट्रॅकिंग करणारा अंधाऱ्या शॉटमधले ठिपके दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवतो, धार वाढवतो, कधी नुसती हिरवी वाहिनी पाहतो. ही सोय फक्त त्याच्या डोळ्यांसाठी असते. ती एक्स्पोर्टमध्ये मिसळून गेली, तर पुढच्या विभागाला जळालेले आकाश आणि काळ्या पडलेल्या सावल्या मिळतात, आणि गेलेला तपशील परत येत नाही. कोडॅकच्या सिनिऑनमधून आलेली डीपीएक्स फाइल फिल्मचा प्रकाश लॉग पद्धतीने १० बिटांत धरते. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ साली सर्वांसाठी खुली केलेली ओपन-ईएक्सआर प्रकाश आहे त्या प्रमाणात, दशांश आकड्यांत धरते, त्यामुळे सूर्याचा झगझगाटही पांढऱ्याच्या पलीकडे जिवंत राहतो. चित्र ज्या पद्धतीने आले त्याच पद्धतीने परत जावे, एवढे पथ्य पाळले तरी बराच मनस्ताप वाचतो.

मग फ्रेमचे क्रमांक. कुणाची पहिली फ्रेम शून्य, कुणाची एक. अनेक स्टुडिओ १००१ पासून मोजतात, म्हणजे शॉट पुढे आधीच्या बाजूने वाढवावा लागला तरी ऋण क्रमांक येत नाहीत आणि फाइलच्या नावांतले अंक चारच राहतात. एका फ्रेमची चूक स्थिर शॉटमध्ये लपते, जोरात फिरणाऱ्या कॅमेऱ्यात लगेच उघडी पडते. २४ आणि २३.९७६ यांतला फरकही असाच. तो नगण्य वाटतो, पण लांब शॉटमध्ये हळूहळू साठत जातो.

दिशांचेही तसेच. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा वाय, ब्लेंडरमध्ये झेड. मायाचे मूळ एकक सेंटिमीटर, ब्लेंडरचे मीटर. शिवाय नुसत्या चित्रावरून मोजमाप कळत नाही. खेळण्यातले घर जवळून टिपले काय आणि खरे घर लांबून टिपले काय, गणिताला दोन्ही सारखीच. म्हणून सेटवर टेपने मोजलेले एक खरे अंतर लागते. ते नसेल तर पावणेदोन मीटरचा माणूस पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा होऊन उभा राहतो. कोन १७९ अंशांवरून उणे १७९ वर गेला, तर कॅमेरा खरे तर दोनच अंश वळलेला असतो. पण आकड्यांच्या हिशोबाने तो ३५८ अंश उलटा फिरतो आणि त्या एका फ्रेमवर मोशन ब्लर सगळे चित्र पुसून टाकतो. एक्स्पोर्ट करण्याआधी वक्ररेषा उघडून पाहिली, तर ही उडी सहज दिसते.

बोलीभाषांची सोय

प्रत्येक थ्रीडी सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी, म्हणून ट्रॅकिंगच्या साधनांना अनेक बोली बोलाव्या लागतात. सिंथआइजने यासाठी ‘सिझल’ नावाची स्वतःची स्क्रिप्ट भाषा केली. तिचे एक्स्पोर्टर साध्या मजकुरात असल्याने वापरणाऱ्याला उघडून वाचता येतात, बदलता येतात. समान बोलीचेही प्रयत्न झाले. एफबीएक्स हे फाइलचे स्वरूप सर्वत्र पोचले. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक यांच्या ‘अलेम्बिक’ने हालचाल दर फ्रेमला पक्की करून देण्याची सोय केली. पिक्सारने २०१६ साली यूएसडी खुले केले. यांतल्या कुठल्याही स्वरूपातून सगळे पार जाते असे समजू नये. लेन्सचा वाक अनेकदा मागेच राहतो. म्हणून तर एसटी मॅप वेगळा द्यावा लागतो.

या साऱ्याचा अभ्यास आज घरबसल्या करता येतो. ब्लेंडर या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या अखेरीस कॅमेरा ट्रॅकिंग आले. ते कसाला लागावे म्हणून अॅमस्टरडॅममध्ये इयान ह्यूबर्टच्या दिग्दर्शनाखाली ‘टिअर्स ऑफ स्टील’ हा लघुपट झाला. तो सोनीच्या एफ-६५ कॅमेऱ्याने चित्रित झाला आणि २०१२ साली प्रदर्शित झाला. सिनेमाबरोबर त्याच्या मूळ फ्रेमही लोकांसाठी खुल्या केल्या गेल्या. खऱ्या सेटवरच्या, खऱ्या लेन्सच्या प्लेट एरवी स्टुडिओबाहेर जात नाहीत. त्या कुणाही विद्यार्थ्याच्या हाती देणे हे मी या क्षेत्रातले मोठे दान मानतो.

महाराष्ट्राचा या कामाशी रोजचा संबंध आहे. मुंबईत १९९७ साली सुरू झालेली प्राइम फोकस २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्र आली. मुंबई आणि पुण्यातल्या स्टुडिओंतली अनेक मुले-मुली परदेशी चित्रपटांचे मॅचमूव्ह, रोटो (वस्तू कडेने कापून मॅट काढणे) आणि पेंट (नको ते पुसणे) करतात. यांतल्या बहुतेकांची पहिली नोकरी हीच असते. म्हणून ‘खालचे काम’ असा शिक्का तिच्यावर बसतो. तो मला मान्य नाही. या टेबलावरून चुकीचा कॅमेरा पुढे गेला, तर त्यावर अॅनिमेशन, प्रकाश आणि कॉम्पोझिटिंग असे तीन विभाग आठवडाभर राबतात आणि शेवटी सगळे पुन्हा करतात. पाया बिनचूक असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रशिक्षण संस्थांनी सॉल्व्हची चूक पिक्सेलच्या आत आणायला शिकवावेच, पण तेवढ्यावर परीक्षा संपवू नये. विद्यार्थ्याने दिलेली फाइल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, दुसऱ्याच विद्यार्थ्याने उघडावी. जमिनीवर शंकू ठेवून ते घसरतात का ते पाहावे आणि मगच गुण द्यावेत. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: ‘टिअर्स ऑफ स्टील’च्या फ्रेम उतरवून घ्या, एक शॉट ट्रॅक करा आणि तो मित्राकडे पाठवा. सोबत फ्रेमचा पहिला क्रमांक, सेन्सरचे माप, ओव्हरस्कॅन, रंगाची पद्धत आणि एकक लिहिलेली एक चिठ्ठी द्या. तुम्हाला एकही फोन न करता त्याला त्यावर काम करता आले, तर तुम्हाला हे काम येते.