अनुप्रास कानाने ओळखा!

दिवाळीत गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावला गेलो, तर दहावीतली बहीण इंग्रजीच्या अलंकारांपायी रडकुंडीला आलेली. "दादा, 'किंग' आणि 'नाइफ' दोन्ही 'के'पासून, मग अनुप्रास का नाही?"

मित्रांनो, दहावीला मीही हाच घोळ घातला होता! 'नाइफ'मधला 'के' मुका. उलट 'फोन' नि 'फील्ड'चं स्पेलिंग वेगळं, पण आवाज एकच, म्हणून तिथे अनुप्रास.

उपमा-रूपक नवेगावबांधवर समजावलं. तलाव आरशासारखा ही उपमा, तलाव म्हणजे आरसाच हे रूपक. इंग्रजीत 'लाइक' किंवा 'ॲज'ने तुलना केली की उपमा; पण 'आय लाइक टी'त ती शोधू नका!

आता ती प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचते. बोर्डात दोन मार्क वाचले, तरी माझं एसटीचं भाडं वसूल!