फॉरमॅट मारून देऊ का?

मेहकरहून सिंदखेडराजाच्या दिशेनं निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं आणि तिथून लोणारची वाट फुटते. विवर बघायला आलेल्या पाहुण्याला हे गाव म्हणजे चहाचा थांबा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मात्र इथं कामानं येतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म. अशा गावातल्या सेवा केंद्राचं कुठलंही टेबल घ्या, त्यावरचं सामान साधारण सारखंच: एक जुना कॉम्प्युटर, अंगठ्याचं यंत्र, कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर, टेबलाखाली इन्व्हर्टर. आणि पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला, रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, नेमका तेव्हाच हा कॉम्प्युटर हँग मारतो.

मग तालुक्याला फोन जातो. तिकडून प्रश्न येतो, "भाऊ, फॉरमॅट मारून देऊ का?"

विंडोजच्या निम्म्या कारभाराचं सार या प्रश्नात आहे. बिघाड कुठं झाला हे शोधायचं नाही. सगळं पुसायचं आणि नव्यानं मांडायचं. दोन-तीन तासांचं काम, आणि ते करणारा पोरगा मोटारसायकलवर येऊ शकेल इतक्या अंतरावर राहतो. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम सोपी, याच्या चर्चा बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या सोयीवर होतात. बैलगाडी हाकणं वेगळं आणि चाकाला लोखंडी धाव चढवणं वेगळं. हाकायला सगळ्याच गाड्या आता जवळपास सारख्या झाल्या आहेत. धाव निखळली की काय करायचं, हा खरा सवाल.

आपल्याकडे विंडोजची धाव चढवणारे गावोगाव का सापडतात, याचं एक कारण पुण्यात आहे. २००१ साली कॉम्प्युटर शिकवणारी एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि एका अख्ख्या पिढीनं कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरण घोकलं. त्यातल्या काहींनी पुढं मशिन उघडायला सुरुवात केली. लिनक्सला अशी शाळा मिळाली नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेनं डेबियनवर आधारलेली बॉस ही मराठीसह भारतीय भाषा जाणणारी लिनक्स काढली, ती फुकट आहे, चांगली चालते. पण ती बिघडली तर कुणाला बोलवायचं, हे सुलतानपुरात कुणी सांगू शकेलसं वाटत नाही.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. विंडोज आपल्या बहुतेक सेटिंग्ज रजिस्ट्री नावाच्या एका भल्यामोठ्या बाडात ठेवते. प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅली, अँटिव्हायरस, कुठलंसं फुकटचं पीडीएफ जोडणारं सॉफ्टवेअर, जो येतो तो या बाडात आपल्या नोंदी करतो आणि काढून टाकलं तरी काही नोंदी मागं सोडून जातो. शिवाय प्रत्येकाची चालू होण्याची घाई. चार वर्षांनी कुठली नोंद कुणाची हे कुणालाच कळत नाही. म्हणून फॉरमॅट. लिनक्सचा रिवाज वेगळा आहे. तिथं प्रत्येक सेवेची सेटिंग्ज एका ठरलेल्या फोल्डरात, साध्या वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असतात. छपाईची वेगळी, नेटवर्कची वेगळी. बदलायच्या आधी फाइलची प्रत काढून ठेवली की झालं. बिघडलं तर जुनी प्रत जागेवर ठेवायची. काय बिनसलं याच्या नोंदीही बऱ्याचशा वाक्यांत लिहिलेल्या मिळतात. वाक्यं इंग्रजी असतात, हे खरं. पण विंडोजच्या शून्य-एक्सनं सुरू होणाऱ्या आकड्यापेक्षा मोडकंतोडकं इंग्रजी वाक्य बरं.

वीज गेल्यावर काय होतं, हे आपल्या भागात पहिल्यांदा विचारायला हवं. पूर्वी विंडोज ९८ च्या काळात वीज गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी सुरू व्हायची आणि एखादी फाइल गायब झालेली असायची. पुढं दोन्हीकडे सुधारणा झाली ती आपल्या वाण्याच्या जुन्या युक्तीनं. वाणी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो, मग सवडीनं खतावणीत चढवतो. मधेच दिवा विझला तरी रोजकीर्द बघून हिशेब जुळवता येतो. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या डिस्क मांडण्याच्या पद्धती हेच करतात: काय बदलणार हे आधी वहीत, मग प्रत्यक्ष बदल. त्यामुळं लोडशेडिंगच्या कसोटीवर आज दोघीही सारख्याच उतरतात. मात्र अपडेट चालू असताना वीज गेली तर रोजकीर्दीचाही इलाज तोकडा पडू शकतो, आणि विंडोजचं मोठं अपडेट जुन्या डिस्कवर तासभर खातं. मायक्रोसॉफ्टची मासिक डागडुजी दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि तो 'बंद करू नका' म्हणत बसला, तर दोष नशिबाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

लिनक्समध्ये अपडेटचा कारभार एकाच दुकानातून चालतो. डेबियनच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. ब्राउझर, ऑफिस, मराठी फॉन्ट सगळं तिथून येतं आणि एकाच आज्ञेनं ताजं होतं. विंडोजवर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं अपडेट घेऊन दारात उभं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या केंद्राला हा फरक डेटाच्या हिशेबात लगेच दिसतो.

फोनवरून दुरुस्ती सांगण्याचा मुद्दा मात्र मला फार रंजक वाटतो. "डाव्या कोपऱ्यात निळं चिन्ह दिसतंय का? त्यावर दाबा," असं म्हणत विंडोज दुरुस्त करणं सोपं वाटतं, पण मायक्रोसॉफ्ट दर आवृत्तीत फर्निचर हलवतं. कंट्रोल पॅनेलमधलं सामान वर्षानुवर्षं सेटिंग्जच्या खोलीत सरकवणं चालूच आहे. सांगणाऱ्याकडे विंडोज १०, ऐकणाऱ्याकडे ११, की संवाद संपला. शेवटी दुरून पडदा ताब्यात घेणारं एनीडेस्क लावा. लिनक्सची आज्ञा म्हणजे एक ओळ. ती व्हॉट्सॲपवर पाठवा, समोरच्यानं टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चिकटवली की तेच काम होतं. ती खिडकी बघून माणूस दचकतो, पण दूरवरून सांभाळायला तीच सोयीची. अर्थात अनोळखी माणसानं पाठवलेली ओळ सुपरयुजरच्या अधिकारानं चालवणं म्हणजे चोराच्या हाती चावी देऊन आपण झोपणं.

मग लिनक्स का नको? कारण टेबलावरचं बाकीचं सामान. तोच एलबीपी २९०० घ्या. झेरॉक्सच्या दुकानांतला हा अमर प्रिंटर विंडोजवर निमूट चालतो. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर चढवणं ही तपश्चर्या आहे, कारण तो कॅननच्या स्वतःच्याच भाषेत बोलतो. अंगठ्याच्या यंत्रांची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून केलेली. डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर ओळखला जातो, पण पोर्टलनं दिलेलं सहीचं सॉफ्टवेअर सहसा विंडोजचंच निघतं. टॅलीही विंडोजची. म्हणजे घर लिनक्सचं भक्कम, पण अर्धे पाहुणे उंबऱ्याबाहेर. इथं दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा नसतो, तरी त्रास तिच्याच मालकाला होतो. (मॅकचं काय, असं कुणी विचारेल. चांगली आहे. आपल्या तालुक्यात दुरुस्त कोण करणार, तेवढं सांगा.)

एका टेबलाकडून हजार टेबलांकडे गेलो की चित्र पालटतं. मोठ्या कंपनीत प्रत्येक कॉम्प्युटरकडे माणूस धाडणं शक्य नसतं. तिथं विंडोजकडे विंडोज २००० पासून आलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाची व्यवस्था आहे: कोण कर्मचारी, त्याला काय उघडता येईल, कुठला प्रिंटर मिळेल, पेनड्राइव्ह चालेल की नाही, हे सगळं एका जागी ठरवायचं आणि हजारो मशिन्सनी मान्य करायचं. या कामात विंडोजचा हात धरणारं कुणी सहज सापडत नाही. पण एका जागी सगळी सत्ता ठेवली की काय होऊ शकतं, ते महाराष्ट्रानं जेएनपीटी बंदरात पाहिलं.

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि त्याच समूहाचं न्हावाशेव्याचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, ट्रक रांगेत. ज्या फटीतून तो पसरला तिची डागडुजी मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. मग डागडुजी केलेली मशिन्सही का पडली? कारण व्हायरस एका मशिनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलत होता आणि त्याच पासवर्डनं पुढच्या मशिनचं दार रीतसर उघडत होता. कारभाऱ्याच्या सोयीसाठी सगळीकडे एकच किल्ली. चोराचीही तीच सोय झाली. मर्स्कनं दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्यानं उभे केले. आपल्या पोराच्या भाषेत, पंचेचाळीस हजार फॉरमॅट मारले.

यातला खरा धडकी भरवणारा भाग पुढं आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची नोंदवही ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांच्या प्रती जपत होते, पण एक सोडून सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लोडशेडिंगचे आभार मानणारी दुसरी कुठली बहुराष्ट्रीय कंपनी माझ्या माहितीत नाही.

सर्व्हरच्या खोलीत लिनक्सचं राज्य आहे ते सांभाळायच्या अशा सोयींमुळंही: पडदा नको, माउस नको, एका लिखित फाइलवरून शंभर मशिन्स सारखी मांडता येतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले अव्वल पाचशे महासंगणक लिनक्सवरच आहेत. टेबलावर मात्र तिची वाट खडतर. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं पालिकेचे सुमारे १५ हजार पीसी दहा वर्षं खपून लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. बाहेरून येणाऱ्या फाइली आणि विखुरलेला कारभार यांची कुरकुर थांबली नव्हती, आणि राजकारणही होतंच. उलट केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकली. तिथं शिक्षकांनाच सांभाळायला शिकवलं. मास्तर बदलला तरी शेजारच्या शाळेत जाणता माणूस होता.

आणि ज्याला या कशाचं सोयरसुतक नाही, तो सोयाबीनचा शेतकरी खिशात लिनक्स घेऊनच बांधावर उभा असतो. ई-पीक पाहणी ज्या अँड्रॉइडवर चालते तिच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. त्याला कधी ॲडमिन व्हावं लागलं नाही, कारण मूळ किल्ली त्याला दिलेलीच नाही. ॲप स्वतःच्या खोलीत बंद. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं तर परवानगी मागायची. कारभार गूगल आणि फोन कंपनी बघते, आणि त्यांनी अपडेट थांबवलं की फोन चालू असूनही म्हातारा होतो.

म्हातारपणाचा तोच प्रश्न आता टेबलापाशी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित डागडुजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. केंद्रावरच्या जुन्या पीसीत बहुधा दोन्ही नसतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव डागडुजीची नोंदणी ठेवली. युक्तीनं ११ चढवून देणारे तालुक्याला आहेत, पण असं मशिन पुढच्या अपडेटला कसं वागेल याची हमी कंपनी देत नाही.

माझं मत विचाराल तर अंगठा आणि डिजिटल सहीसाठी एक मशिन विंडोज ११ चं ठेवावं, त्यावर रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं साधं खातं, आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्याला लावूच नयेत. ते लावायला, फॉर्म भरायला, छपाईला जुना पीसी लिनक्सवर न्यावा; विंडोजचे शॉर्टकट व्हायरस तिथं उपाशी मरतात. पुसण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येते, डिस्कला हात लागत नाही. शांत दुपारी तसं चालवा आणि एक सातबारा छापायला द्या. एलबीपी २९०० नं कागद ओढला, तर पुढचं बोलू.