संशोधनाची परतफेड

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय आहे. कुठल्याही विद्यापीठात असतात तसे इथेही प्रबंध ओळीने मांडून ठेवलेले असतात. जाड पुठ्ठा, रेक्झिनची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरे. एकेका प्रबंधात कुणाच्या तरी तारुण्याची चार-पाच वर्षे गेलेली असतात. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून इथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातली माती तपासली, नद्यांचे पाणी बाटल्यांत भरून नेले, गुऱ्हाळे पाहिली, साखर कारखान्यांचे ताळेबंद वाचले, धनगरांच्या ओव्या आणि बोलीभाषेतले शब्द टिपून घेतले. विषय आपले होते आणि माहिती देणारी माणसेही आपलीच होती. पण या माणसांना आपण दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे कितीदा कळले असेल?

प्रबंध कुलपात राहू नये म्हणून काहीच झाले नाही, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातले प्रबंध कुणालाही फुकट वाचता येऊ लागले. हे काम मोठेच आहे. पण गंगा अंगणात आली म्हणून तहान आपोआप भागत नाही. बहुतेक प्रबंध इंग्रजीत, तेही परीक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या इंग्रजीत. शिरोळचा ऊस उत्पादक किंवा गगनबावड्याची आशाताई ते शोधून वाचणार कशी? निष्कर्ष कपाटातून बाहेर आला, पण उंबऱ्यापर्यंत पोहोचला नाही. त्या उरलेल्या वाटेला पैसे लागतात आणि नेमके तेच कुणी हिशेबात धरलेले नसतात.

ही अडचण आजची नाही. आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्यालाही ती भेटली होती. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ९ मे १९१६ रोजी तिथल्या प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला तो निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला आणि आज शंभर वर्षांनंतरही वाचला जातो. तो त्या खोलीतच राहिला असता तर?

पीएचडीची गोष्ट मात्र एवढ्या झटपट झाली नाही. प्रबंधाचे काम त्यांनी १९१६ मध्येच सादर केले होते. पण कोलंबियाचा त्या वेळचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी हाती पडत नसे. मधल्या काळात शिष्यवृत्तीची मुदत संपली, मायदेशी परतावे लागले, नोकरी करावी लागली. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाले आणि त्याला आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने काढला. प्रा. सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती कोलंबियाला पोहोचल्या आणि १९२७ साली पीएचडी मिळाली. काम संपल्यापासून पदवीपर्यंत अकरा वर्षे!

कोलंबियाच्या त्या नियमामागचा विचार चुकीचा नव्हता. ज्ञान जगासमोर आल्याखेरीज ते पुरे झाले असे मानायचे नाही, हे तत्त्व उत्तमच. फक्त त्या तत्त्वाचे बिल विद्यार्थ्याच्या नावावर फाटत होते. आणि ज्ञान बाहेर आले की काय होते, तेही याच चरित्रात दिसते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि १९२५ साली चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. अभ्यासकाच्या टेबलावरचा विचार निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर गेला.

आता आजचा हिशेब मांडू. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळू लागले. रक्कम वाईट नाही. पण मानव्य शाखेतल्या अशा संशोधकाला पहिल्या दोन वर्षांत आकस्मिक खर्चासाठी मिळतात ते वर्षाला १० हजार. पुस्तके, झेरॉक्स, टंकलेखन, गावोगावचे फिरणे हे सगळे त्यातच. ज्यांना ही शिष्यवृत्ती नाही, त्यांचे तर विचारूच नका. दुसऱ्या टोकाला, २०२० मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकाने एक लेख सर्वांना खुला करून छापण्याचा दर साडेनऊ हजार युरो जाहीर केला. आपल्या पैशांत आठ लाखांहून अधिक! या दोन टोकांमध्ये सापडलेल्या विद्यार्थ्याला गाठायला मग 'पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो' म्हणणारी बोगस नियतकालिकांची दुकाने उभी राहिली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आला पाहिजे, ही सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली हे बरेच झाले.

माझे आयुष्य बँकेत अर्ज वाचण्यात गेले. पीककर्जाचा, विहिरीचा, म्हशीचा, पिठाच्या गिरणीचा, असे हजारो अर्ज नजरेखालून गेले असतील. कादंबऱ्या लिहितो म्हणून आता शेजारपाजारची मुले आपले अर्ज भाषा तपासायला आणून देतात. मी भाषा तपासतो, पण नजर जाते ती बँकेतल्या सवयीने. पैसे कशाला, किती, केव्हा आणि परतफेड कशी?

आमच्या गल्लीतली एक मुलगी एम.एस्सी. करीत होती. तिचा विषय शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा हा मुलूख पाण्याने समृद्ध, पण त्याच पाण्याच्या अतिरेकाने तिथल्या कितीतरी रानांना मीठ फुटले. वर पांढरा थर, खाली पाणी तुंबलेले आणि ऊस गुडघ्याएवढाच. तिने कित्येक शेतांतली माती पिशव्यांत भरून आणली, सामू आणि क्षारता मोजली, नकाशा केला. निष्कर्ष मांडण्यासाठी साहाय्य मिळावे म्हणून तिने अर्ज लिहिला होता. त्यात परिषदेची नोंदणी फी, रेल्वेभाडे आणि दोन रात्रींचा मुक्काम होता.

"काका, इंग्रजी बरोबर आहे ना?" तिने विचारले.

"इंग्रजी ठीक आहे गं. पण माती कुणाची नेलीस?"

"शेतकऱ्यांची."

"मग त्यांना सांगायला जाणार आहेस की नाही? त्याचा खर्च कुठे दिसत नाही यात."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, की दुसऱ्यांदा गावात गेली तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला हेच विचारले होते. "ताई, माती न्हेलीसा, फुडं काय झालं त्येचं?" तिच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. आता होते, पण ते घेऊन जायचे पैसे अर्जात मागता येतात, हेच तिला कुणी सांगितले नव्हते.

आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. पहिल्याच परिच्छेदात, काय सापडले आणि ते कुणाच्या उपयोगाचे आहे, हे साध्या चार वाक्यांत. नाहीतर अर्ज वाचणाऱ्याला तिसऱ्या पानापर्यंत वाट पाहावी लागते आणि तोवर त्याचा चहा आलेला असतो. मग ऐकणाऱ्यांचे तीन गट केले. विषयातले जाणकार, त्यांच्यासाठी परिषद. निर्णय घेणारे, म्हणजे कृषी खाते आणि साखर कारखान्याचा शेती विभाग, त्यांच्यासाठी दोन पानी मराठी टिपण. आणि ज्यांची माती त्यांच्यासाठी गावच्या पारावर एक बैठक, एक छापील पत्रक आणि प्रत्येकाला त्याच्या शेताचा निकाल लिहिलेला कागद. प्रत्येक खर्चापुढे दर लिहिला आणि छापखान्याचे दरपत्रक जोडले. 'इतर खर्च' नावाची गुळगुळीत ओळ काढून टाकली. अर्ज पाहणाऱ्याचा सगळ्यात जास्त संशय त्याच ओळीवर असतो. तारखा ठरवल्या त्या ऊसतोड आणि परीक्षा सांभाळून. शेवटी, हे सगळे झाले की नाही हे कशावरून कळेल, तेही लिहिले. गंमत अशी, की गावातल्या कामाचा सगळा खर्च मिळून परिषदेच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

पैसे मंजूर झाले, सगळे नाही, पण गावापुरते पुरेसे. बैठकीला पंधरा-वीस माणसे आली. नकाशा भिंतीला लावला, ज्याने त्याने आपले रान शोधले. तिच्या नकाशात एका पट्ट्यात क्षार एकदम वाढलेले दिसत होते, कारण मात्र तिला उमगले नव्हते. तोच म्हातारा उठला आणि म्हणाला, की इथून पूर्वी ओघळ होता, रस्ता झाला तेव्हा तो बुजवला. पाणी जाणार कुठनं? प्रयोगशाळेत जे सापडले नाही ते पारावर सापडले. तिच्या प्रबंधात त्यामुळे एक पान वाढले, आणि मला विचाराल तर ते सगळ्यात मोलाचे पान.

निष्कर्ष लोकांपर्यंत नेणे म्हणजे संशोधन संपल्यावर वाटायचे पेढे, असे आपण समजतो. ते तसे नाही. ती संशोधनाचीच शेवटची पायरी आहे. विद्यार्थी लोकांकडून वेळ, माहिती, विश्वास उसना घेतो. त्याची परतफेड झाली नाही तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गावात दार उघडत नाही. थकबाकीदार गावात नवे कर्ज कसे अडते, हे शाखेत बसलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांनी लोकांना कळेल असे बोलावे, लिहावे म्हणून प्रयत्न होत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. पीएचडीचा सगळा विषय तीन मिनिटांत, एकाच चित्राच्या आधाराने सामान्य श्रोत्याला सांगायचा. ती पुढे जगभर पसरली. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' या नावाने संशोधक विद्यार्थ्यांच्या सुबोध लेखांना बक्षिसे द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात २००६ पासून 'आविष्कार' महोत्सव सुरू झाला आणि कृषीपासून भाषेपर्यंत सहा गटांत महाविद्यालयीन मुले आपले संशोधन तक्त्यांवर मांडू लागली. तिथे खेड्यातल्या महाविद्यालयातली मुले किती तयारीने उभी असतात, ते पाहावे. पण स्पर्धेत ऐकणारा परीक्षक असतो. स्पर्धा संपली की तक्त्याची गुंडाळी होते आणि ती घरातल्या माळ्यावर जाते. त्या तक्त्याला त्याच्या मूळ गावी न्यायला फार तर एक एसटीचे तिकीट लागते.

म्हणून विद्यापीठांकडे मागणे मोठे नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात संशोधन मंडळ आहे, विद्यार्थी विकास मंडळ आहे, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळही आहे. या तिघांनी मिळून एक पानाचा मराठी अर्ज आणि पाच-दहा हजारांपर्यंतची छोटी तरतूद केली तरी पुष्कळ होईल. मात्र पैसे आधी द्यावेत. 'आधी खर्च करा, मग बिले जोडा' ही पद्धत कागदावर निर्दोष दिसते, पण ती ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याच्याच सोयीची असते. चंदगडच्या शेतमजुराच्या मुलाने दहा हजार आणायचे कुठून? उसाला उचल लागते ती लागणीच्या वेळी, ऊस कारखान्याला गेल्यावर नव्हे. हिशेब जरूर मागावा, विनियोग प्रमाणपत्र घ्यावे, पण नंतर.

आणि विद्यार्थ्यांनीही संकोच सोडावा. आपल्या घरांत मागणे म्हणजे कमीपणा, असे शिकवलेले असते. ही भीक नव्हे. लोकांच्या करातून आलेला पैसा लोकांच्याच माहितीसाठी मागायचा आहे. विषय ठरवतानाच आराखड्यात एक रकाना आखावा: हे कुणाला सांगणार, कसे, आणि त्याला किती लागेल? मार्गदर्शकांनी तो रकाना भरल्याशिवाय सही करू नये.

ज्या गावाने शाहू महाराजांच्या काळात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे पाहिली, त्या कोल्हापूरला शिक्षणासाठी पैसा देणे नवे नाही. महाराजांनी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली, कारण त्याशिवाय शाळेचे दार उघडे असून उपयोग नव्हता. आज त्याच घरांतली नातवंडे संशोधन करू लागली आहेत. त्यांना शोधायला आपण पैसे दिले. आता सापडलेले सांगायलाही द्यायला हवेत.