आकडा घटला, पोरगी एकटी पडली

१ नोव्हेंबर २०२५ रोजी छत्तीसगड राज्याची पंचविशी पूर्ण झाली. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे भिलाई-दुर्गच्या मराठी कुटुंबांना हे राज्य कधी परके वाटले नाही. पंचविशीच्या निमित्ताने पोलाद, रस्ते, शाळा यांचे हिशेब पुष्कळ मांडले गेले. विसाव्या वर्षाच्या आत दिवस गेलेल्या मुलींच्या मनाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आधी चांगली बातमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत छत्तीसगडमधल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ४.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ३.१ टक्क्यांवर आले. याच काळात महाराष्ट्राचा आकडा ८.३ वरून जेमतेम ७.६ वर उतरला. विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या ज्या बायकांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण छत्तीसगडमध्ये २१.३ वरून १२.१ टक्क्यांवर आले, तर महाराष्ट्रात ते २१.९ टक्के राहिले. छत्तीसगडला मागास म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

ही घट आपोआप झाली नाही. नववीतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि दूरचे हायस्कूल आवाक्यात आले. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, इथल्या पोरी मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात आणि त्याच मुहूर्तावर खरी लग्नेही उरकली जातात. त्या दिवशी आता प्रशासन मांडवांवर नजर ठेवते. २०१२ मध्ये दुर्गमधून वेगळा निघालेला बालोद जिल्हा २०२५ मध्ये बालविवाहमुक्त म्हणून जाहीर झाला.

याच बालोद जिल्ह्यात दल्ली राजहरा आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्यांना लोहखनिज तिथून येते. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि खाणीत काम करायला आसपासच्या गावांतून बायकाही आल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खाणकामगार संघटनेच्या एक पुढारी कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. आपल्या बायका अशा मरणार नाहीत, असे कामगारांनी ठरवले आणि वर्गणी व श्रमदानातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभे केले. शंकर गुहा नियोगी त्या संघटनेचे नेते होते. १९९१ मध्ये त्यांचा खून झाला तो भिलाईतच. बाळंतपण ही घरातली बाब नसून सगळ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे, हे या पट्ट्यात असे मुळापासून रुजले.

राज्य झाल्यावर २००२ मध्ये मितानिन योजना आली ती याच जमिनीत. प्रत्येक पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, तिथलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचे आणि पाऱ्याच्या आरोग्याची राखण तिच्याकडे सोपवायची, अशी ती रचना. पुढे २००५ मध्ये देशभर ‘आशा’ आली, तेव्हा मितानिनचा अनुभव डोळ्यांसमोर होता. मितानिनींनी गरोदर बायांची नावे नोंदवली, लोहाच्या गोळ्या पोचवल्या, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत केली. माताकार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी या सगळ्यांची जागा ठरलेली होती. झोप लागते का, रडू येते का, जगावेसे वाटते का, हे लिहायला त्या कार्डावर रकाना नव्हता.

गंमत अशी की त्याच २००२ साली गोव्यात हे मोजून झाले होते. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे २७० मातांचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या आणि त्या नैराश्यग्रस्तांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झाला होता. कारणेही समोर आली: गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. बाळंतपणानंतरचे नैराश्य ही श्रीमंत देशांतली चैन आहे, हा समज तिथेच मोडायला हवा होता. २०१७ मध्ये देशभरातल्या अभ्यासांची एकत्र बेरीज झाली तेव्हाही प्रमाण २२ टक्के, म्हणजे पाचांत एकीहून जास्त निघाले.

ही झाली सर्व वयांच्या मातांची गोष्ट. सोळा-सतराच्या मुलीच्या वाट्याला यावर आणखी भर पडते. तिचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते आणि रक्त आधीच कमी असते. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, पैसा हातात नसतो. मूल हवे की नको हे तिला कोणी विचारलेले नसते. सासरी नवी असेल तर बोलायला माणूस नाही आणि लग्न झालेले नसेल तर माहेरीही तोंड उघडायची सोय नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, भूक नाही, ‘मन नइ लागय’, अशा तक्रारी ती करते. या दिवसांत असे व्हायचेच, म्हणून घर त्या झटकून टाकते. आपल्याकडे डोहाळजेवण, छत्तीसगडी घरात सधौरी. दोन्हीकडे तिला काय खावेसे वाटते हे कौतुकाने विचारतात, पण मनात काय चालले आहे हे विचारण्याचा विधी कोणाकडेच नाही.

मराठी समाजाला ही मुलगी अनोळखी नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. चौदा वर्षांच्या त्या पोरीवर त्या दिवसांत काय गुदरले असेल, हा प्रश्न मात्र आपण त्यांच्या पदवीपाशी विसरून जातो. दुःखाचे कर्तृत्व झाले की ते आपल्याला पाहता येते. ज्यांचे होत नाही, त्या कुठे दिसतात?

सरकारी योजनांतही या वयाला जागा सापडत नव्हती. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत किमान १९ वर्षांची अट होती आणि ती २०१३ मध्ये निघाली. २०१० ची इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनाही १९ वर्षे किंवा त्याहून मोठ्या बायकांसाठीच होती. लवकरच्या बाळंतपणाला उत्तेजन नको हा त्यामागचा हेतू. पण ज्या मुलीला दिवस गेलेलेच आहेत, तिची मदत तेवढी कापली गेली. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. छत्तीसगड त्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. पण मुख्य मोजणी अठरा वर्षांवरच्यांची होती. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा सहा विषयांपैकी एक होता. गरोदर मुलीची तपासणी मात्र मातांच्या बाह्यरुग्ण विभागात आणि समुपदेशन किशोरवयीनांच्या खोलीत, अशी तिची वाटणी झाली.

त्यातच २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला होता. अठराच्या आतल्या मुलीशी लैंगिक संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरला आणि असा प्रकार कळलेल्या कोणालाही तो पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी संबंधही बलात्कारच ठरवला. अत्याचार झालेल्या मुलींना या कायद्याचा आधार आहे आणि तो हवाच. पण अल्पवयीन गरोदर मुलगी दवाखान्याची पायरी चढली की नवरा, मित्र किंवा घरातला कोणी तुरुंगात जाईल, ही भीती वस्त्यांत बसली. भिलाईतल्या खुर्सीपार किंवा कॅम्पसारख्या कामगार वस्तीतल्या घराला यातून सोपी वाट दिसते ती वय लपवण्याची, मुलीला नातेवाइकांकडे धाडण्याची, नोंदणी उशिरा करण्याची. पूर्वी अशा मुली पाऱ्यात तीन-चार असत आणि उघड असत. आता एखादी असते आणि ती लपवलेली असते. आकडा घटण्याची ही दुसरी बाजू आहे.

संसदेने आणि न्यायालयाने ही अडचण काही अंशी ओळखली. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालाने मुलगी आणि पालक यांनी विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव डॉक्टरांनी पोलिसांना सांगण्याची गरज उरली नाही. पण हा निकाल मितानिनीपर्यंत, मुलीच्या आईपर्यंत पोचलेला नसेल, तर त्या भीतीत फरक पडत नाही.

ही भीती भिलाईला परवडणारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आत्महत्यांचा दर जास्त असलेल्या महानगरांत दुर्ग-भिलाईनगरचे नाव वारंवार वर आले आहे. राज्याचे मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. रायपूरचे एम्स जवळ आहे, पण तिथेही कोणीतरी घेऊन जायला लागते. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. हा फोन मोफत आहे, पण तो करायला मुलीच्या हाती फोन आणि दहा मिनिटांचा एकांत हवा.

उपाय परदेशातून आणावा लागणार नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञांऐवजी वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून त्यांनी नैराश्यातल्या गरोदर स्त्रियांना भेटावे, असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बायकांना ‘सखी’ म्हणत. फायदा फार मोठा नव्हता, पण होता, आणि खर्च कमी होता. छत्तीसगडकडे मितानिनींच्या रूपाने अशा सख्या प्रत्येक पाऱ्यात तयार आहेत. त्यांच्या हातात दोन प्रश्न द्यायचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटत राहिले का? कशातच गोडी वाटेनाशी झाली का? उत्तर ‘हो’ आले तर पुढे कोणाकडे पाठवायचे हे ठरवून द्यायचे आहे. आणि मुलीने मन उघडले म्हणून तिच्या घरावर पोलीस येणार नाहीत, एवढी जागा कायद्याने मोकळी करायची आहे. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, पण ती झाल्याशिवाय पहिल्या दोन्ही कागदावरच राहतील.

पहिल्या पंचविशीत छत्तीसगडने लवकर आई होणाऱ्या मुलींची संख्या कमी करून दाखवली, आणि महाराष्ट्राने ते त्याच्याकडून शिकावे. उरलेल्या मुलींना वगळून मोजलेले यश मात्र अर्धेच आहे. पुढची पाहणी येईल तेव्हा ३.१ चा आकडा किती खाली गेला एवढेच बघू नये. त्यांतल्या किती जणींना कोणी मनाबद्दल विचारले, हाही रकाना तिथे असायला हवा.