रक्तातली कॅन्सरपेशी पकडणारं चुंबक

आपल्या नागपूरच्या जरीपटक्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटून देणारा ठेला शोधावा लागत नाही. अन् खर्ऱ्यामागे तोंडाचा कॅन्सर येतो, म्हणून ही पोस्ट.

गाठीतून सुटलेल्या कॅन्सरपेशी रक्तात फिरतात, हे थॉमस अ‍ॅशवर्थने १८६९ मध्येच नोंदवलं होतं. पण त्या पकडायच्या कशा? एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे ५०० कोटी, त्यात या जेमतेम एखाद-दोन!

इथे नॅनोकण कामी येतात. पुण्याच्या अ‍ॅक्टोरिअस कंपनीत जयंत खंदारे आणि सहकाऱ्यांनी ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही रक्तचाचणी विकसित केली. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, त्यांवर ‘एपकॅम’ प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं. अनेक कॅन्सरपेशींच्या अंगावर हे प्रथिन असतं, रक्तपेशींवर सहसा नसतं. कण पेशीला चिकटले की चुंबक लावायचं. पेशी अडकते, बाकीचं रक्त धुऊन जातं. नंतर रंगद्रव्यं टाकून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करतात, कारण काही पांढऱ्या पेशीही सोबत येतातच. अमेरिकेत याच तत्त्वावरच्या ‘सेलसर्च’ला २००४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या पुण्यात हे घडलं याचं मला जास्त कौतुक!

मर्यादाही आहेत. एपकॅम नसलेली पेशी निसटते, सुरुवातीच्या टप्प्यात पेशी सापडतीलच असं नाही. बायोप्सी टळत नाही.

अन् तोंडाच्या कॅन्सरला तर पहिली तपासणी उजेड अन् आरसा. पांढरा-लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर भाऊ, खर्रा फेका अन् डॉक्टरला तोंड दाखवा.